यंत्र, मन आणि माणूस : मानव-संगणक आंतरक्रियेच्या अभ्यासातील बदलते विचारप्रवाह

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त पर्वत पाटिया, सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शतकोत्सव साजरा करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर मराठीच्या अध्यापकाने संगणकासंबंधी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. संतवाङ्मय, नवकथा किंवा गुजरातेतील मराठी माणसाचे वाङ्मयीन जीवन हे विषय प्रसंगाला अधिक शोभले असते. परंतु आपल्या कार्यकारी मंडळासमोर आज जो प्रश्न आहे, तो मला अधिक निकडीचा वाटतो. हजारो मराठी पुस्तकांची सूची संगणकावर घ्यायची आहे. ती घेताना संगणक कोणता आणि किती रुपयांचा, याची चर्चा भरपूर होते. त्या संगणकासमोर बसणारा वाचक कोण, तो काय टंकित करील, त्याला काय सापडेल आणि काय सापडणार नाही, याची चर्चा मात्र होत नाही. ही दुसरी चर्चा करणारे एक शास्त्र जगात गेली चाळीस वर्षे उभे आहे. त्याला मानव-संगणक आंतरक्रियेचा अभ्यास असे म्हणतात. या शास्त्रात मते कशी बदलत गेली, हे पाहिले तर आपल्याही निर्णयाला थोडा उजेड मिळेल, या भावनेने मी हा विषय निवडला आहे.

प्रथम शब्दाविषयी. पुष्कळजण ‘मानव-संगणक संवाद’ असा शब्द योजतात. मी ‘आंतरक्रिया’ म्हणतो, त्याला कारण आहे. संवाद म्हटला की दोन्ही बाजूंना अर्थ कळतो हे आपण गृहीत धरतो. यंत्राला अर्थ कळतो का, हाच तर या शास्त्रातील मोठ्या वादाचा विषय आहे. तेव्हा वादाचा निकाल शब्दातच लावून टाकू नये, एवढाच माझा हेतू.

साहित्याच्या अभ्यासकाला या शास्त्राचा इतिहास परका वाटत नाही. आपल्याकडे समीक्षा एके काळी लेखकाच्या चरित्राभोवती फिरत होती. पुढे मर्ढेकरांसारख्यांनी कलाकृतीच्या अंतर्गत रचनेकडे लक्ष वेधले. त्यानंतर वाचकाला महत्त्व आले. आणि दलित साहित्याने तर ‘वाचक म्हणजे नेमका कोणता वाचक?’ असा प्रश्न विचारून सगळ्या चर्चेचा पायाच हलवला. मानव-संगणक आंतरक्रियेच्या अभ्यासातही असेच झाले. आधी यंत्र आणि शरीर, मग मन, मग परिस्थितीत वावरणारा माणूस, आणि शेवटी ‘कोणता माणूस?’ असे टप्पे तेथे दिसतात.

यंत्र आणि शरीर

या शास्त्राचे पूर्वसंस्कार दुसऱ्या महायुद्धातले आहेत. अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच आत ओढून घेत आणि विमान पोटावर बसे. वैमानिकांचा निष्काळजीपणा, असे निदान झाले होते. अल्फॉन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९४३ च्या सुमारास दाखवून दिले की, दोन्ही कामांच्या कळा एकाच आकाराच्या आणि शेजारीशेजारी आहेत. त्याने एका कळीला लहानसे रबरी चाक व दुसरीला पाचरीच्या आकाराचा तुकडा बसवून हाताला फरक कळेल अशी सोय केली. चूक माणसाची दिसते, पण ती यंत्राच्या घडणीत दडलेली असू शकते, हा या शास्त्राचा पहिला धडा. यातून जो संप्रदाय निघाला तो माणसाचे हात, डोळे, उंची, थकवा यांची मोजमापे घेऊन यंत्र त्यांना जुळवू लागला.

मराठी माणसाने हा प्रश्न संगणकाच्या फार आधी, छापखान्यात अनुभवला होता. रोमन लिपीच्या जुळाऱ्याला सव्वीस अक्षरांचे दोन संच पुरत. देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे जोडाक्षरे, मात्रा, रफार मिळून शेकडो खिळ्यांची घरे असत. हात किती लांब जातो, दिवसाकाठी किती ओळी जुळतात, यावर वृत्तपत्राचा खर्च अवलंबून असे. लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषानेही देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात लक्ष घातले होते, ते याच कारणाने. सावरकरांच्या लिपिसुधारणेतील ‘अ’ची बाराखडीही याच ओढीतून आली. यंत्र बदलत नाही, तेव्हा लिपीच बदलावी, असा तो विचार होता. त्या सुधारणा काही नियतकालिकांनी स्वीकारल्या, काही काळ चालवल्या. पण लोकांच्या हाताने त्या उचलल्या नाहीत.

पुढे देवनागरी टंकलेखन यंत्र आले. त्यावर ‘कविता’ हा शब्द कसा उमटे, ते पाहण्यासारखे आहे. आधी ‘क’, मग वेलांटी, मग ‘व’, आणि नंतर ‘ता’. वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून ती आधी ठोकायची. पुष्कळ अक्षरे तर अर्ध्या रूपाला काना जोडून पुरी करावी लागत. लेखन म्हणजे कागदावरील आकृतींची मांडणी, अशी लेखनाची एक उपपत्तीच त्या यंत्रात गोठलेली होती. हजारो टंकलेखकांनी ती बोटांत मुरवली आणि त्यांचा वेग थक्क करणारा होता, हे मान्य केले पाहिजे. पण त्यासाठी माणसाला वर्ष-सहा महिने शिकावे लागे. यंत्राकडे जाण्याचा बहुतेक मार्ग माणूस चालत होता.

मन

१९६८ च्या ९ डिसेंबरला डग्लस एंगलबार्ट याने सॅन फ्रान्सिस्को येथे माऊस व पडद्यावर बदलता येणारा मजकूर यांचे प्रात्यक्षिक केले. त्यानंतरच्या दीड दशकात संगणक प्रयोगशाळेबाहेर पडला आणि तज्ज्ञ नसलेल्या माणसांच्या हाती येऊ लागला. तेव्हा हाताडोळ्यांची मोजमापे अपुरी पडू लागली. १९८२ साली अमेरिकेतील गेथर्सबर्ग येथे या विषयाची पहिली मोठी परिषद भरली, आणि १९८३ साली कार्ड, मोरान व नेवेल या तिघांचा ‘मानव-संगणक आंतरक्रियेचे मानसशास्त्र’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ निघाला. विषयाला स्वतंत्र शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली ती येथून.

या दुसऱ्या संप्रदायाची मूळ कल्पना अशी, की माणसाचे मन हेही माहितीवर प्रक्रिया करणारे एक यंत्र आहे. त्याला स्मृती आहे, तिची मर्यादा आहे. त्याला हेतू असतात, हेतूंचे टप्पे असतात. एक कळ दाबायला किती वेळ, माऊसवरून हात उचलून कळफलकावर आणायला किती वेळ, पुढे काय करायचे ते मनाशी ठरवायला किती वेळ, हे मोजून बेरीज केली की एखाद्या कामाला सरावलेला माणूस किती वेळ घेईल, ते आधीच सांगता येते. ही भाकिते पुष्कळदा खरी ठरत, म्हणून या संप्रदायाचा दबदबा मोठा होता. १९८८ साली डोनाल्ड नॉर्मन यांनी दारे, नळ, शेगड्या यांची उदाहरणे घेऊन हाच विचार सामान्य वाचकापर्यंत नेला. माणसाच्या मनात वस्तूचे एक चित्र असते, ते वस्तूच्या घडणीशी जुळले पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते.

आपल्याकडे याच वृत्तीचे एक देखणे काम त्या काळात झाले. कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ ही तंत्रव्यवस्था उभी केली. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण म्हणून मान्य केला. व्याकरणाच्या विद्यार्थ्याने हा कळफलक एकदा अवश्य न्याहाळावा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. मधल्या ओळीत क, त, च, ट, प ही वर्गांतील पहिली व्यंजने. ‘क’च्या नेमका वर ‘ग’. शिफ्ट दाबली की ‘क’चा ‘ख’ आणि ‘ग’चा ‘घ’. मात्रेच्याच कळीवर शिफ्टने तिचा पूर्ण स्वर. वर्णमालेतील अल्पप्राण-महाप्राण, घोष-अघोष ही प्राचीन व्यवस्था येथे बोटांखाली आणून ठेवली आहे. आणि ‘कविता’ लिहिताना आता ‘व’ आधी, वेलांटी नंतर. डोळ्याला काय दिसते याऐवजी कानाला काय ऐकू येते, हा क्रम मानला. वेलांटी डावीकडे नेऊन ठेवण्याचे काम यंत्राने पत्करले.

सुरतेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यातील एक गोष्ट विशेष मोलाची आहे. हा कळफलक सर्व भारतीय लिप्यांना जवळजवळ सारखाच आहे. जेथे मराठीचा ‘क’ तेथेच गुजरातीचा ‘ક’. गुजराती माध्यमाच्या शाळेत शिकणारे आपले मूल गुजराती टंकलेखन शिकले, की मराठी टंकलेखन त्याला अनायासे येऊ शकते. हा लाभ आपण कितीसा घेतला, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरात करावा.

मग एवढा तर्कशुद्ध कळफलक घरोघर का पोचला नाही? येथेच दुसऱ्या संप्रदायाची मर्यादा उघडी पडते. वर्णमालेची व्यवस्था मनात आहे, म्हणून ती बोटांना सापडेल, असे गृहीत धरले होते. परंतु संगणक विकत मिळे तो इंग्रजी अक्षरे कोरलेल्या कळांचा. कचेरीतील टंकलेखकाची बोटे जुन्या यंत्राला सरावलेली. छापखान्यात प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा, एका ठिकाणी जुळवलेला मजकूर दुसरीकडे उघडला की निरर्थक चिन्हांचा ढीग. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतांचे प्रमाण जाहीर झाले होते, तरी व्यवहार बरीच वर्षे असाच चालला. तर्क उत्तम होता. पण तर्काभोवती बाजार, शाळा, कचेरी आणि सवय यांचे जे जग असते ते त्याच्या हिशेबात नव्हते.

परिस्थितीतला माणूस

नेमका हाच आक्षेप पाश्चात्त्य देशांतही निघाला. १९८७ साली लूसी सचमन या मानवशास्त्रज्ञ विदुषीचे ‘योजना आणि परिस्थितिबद्ध कृती’ या आशयाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात काम करीत. तेथे प्रती काढण्याच्या एका यंत्राला, वापरणाऱ्याला पायरीपायरीने सूचना देणारी व्यवस्था जोडलेली होती. सचमन यांनी दोनदोन माणसांना त्या यंत्रासमोर उभे करून त्यांचे बोलणे व हालचाली चित्रित केल्या. दोन माणसे असली की ती एकमेकांशी बोलतात, आणि मनातला गोंधळ उघड ऐकू येतो. त्यांना असे दिसले, की यंत्राला फक्त कोणती कळ दाबली, कोणते झाकण उघडले, एवढेच कळते. माणसे चक्रावून एकमेकांकडे पाहत असतात, ‘आता हे काय म्हणते आहे?’ असे विचारीत असतात, आणि यंत्र मात्र सारे योजनेप्रमाणे चालले आहे असे समजून पुढची सूचना देते. माणूस आधी योजना आखून मग ती अमलात आणतो, हे चित्रच अपुरे आहे. योजना ही हाताशी असलेली एक वस्तू, प्रत्यक्ष कृती मात्र प्रसंगातून घडत जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याच सुमारास उत्तर युरोपातून दुसरा प्रवाह आला. नॉर्वेत क्रिस्तेन नीगोर्ड यांनी १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांतच लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम सुरू केले होते. कारखान्यात संगणक येणार असेल तर त्याच्या रचनेत कामगाराला मत असले पाहिजे, ही त्यांची भूमिका. १९८१ साली सुरू झालेल्या ‘युटोपिया’ प्रकल्पात वृत्तपत्रांच्या छपाई कामगारांनी संशोधकांबरोबर बसून पुठ्ठा व लाकडाच्या नमुन्यांवर पृष्ठमांडणीच्या भावी यंत्राची आखणी केली. खिळे जुळवणाऱ्या माणसाचे कसब नव्या यंत्रात नष्ट न होता टिकावे कसे, हा त्यांचा ध्यास होता. आपल्याकडे छापखान्यांतून जुळारी गेले तेव्हा असा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही, याची येथे खंत वाटते.

१९९१ साली लियाम बॅनन यांनी या बदलाचे सूत्र सांगितले : माणसाला यंत्रव्यवस्थेतील एक घटक मानणे सोडावे आणि कर्ता मानावे. पुढे २००६ साली सुसान बॉडकर यांनी ‘तिसरी लाट’ आणि २००७ साली हॅरिसन, सेंगर्स व टाटर यांनी ‘तीन प्रतिमाने’ असे या इतिहासाचे वर्गीकरण केले. थॉमस कून यांनी १९६२ साली विज्ञानातील क्रांत्यांविषयी जे मांडले होते, त्याचा हा प्रतिध्वनी होता.

या तिसऱ्या विचाराचे प्रत्यंतर देणारे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूर-सांगली भागातील वारणा खोऱ्यात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडायची. शेतकऱ्याला बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी माहिती सारे गावातच मिळावे, अशी भव्य योजना होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन केंद्रातील अभ्यासक तेथे गेले, गावोगावच्या केंद्रांवर बसून राहिले. त्यांना आढळले की, संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाच्या हिशेबासाठी होत आहे : ऊस किती गेला, तोडीची पाळी केव्हा, पैसे किती जमा झाले, खताची उचल किती. मग त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवून तीच माहिती लघुसंदेशाने पुरवून पाहिली आणि ते काम भागले. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

या उदाहरणावरून वारणेचा प्रकल्प फसला, असा सोपा निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही. उसाचा हिशेब गावात मिळणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. त्यासाठी कारखान्यापर्यंतची खेप वाचते. मुद्दा असा, की योजनेच्या कागदावरचा शेतकरी आणि केंद्राच्या दारात उभा असलेला शेतकरी हे निराळे होते. आणि ते निराळे आहेत हे कळण्यासाठी कोणाला तरी दारात बसून पाहावे लागले.

कोणता माणूस?

चौथा प्रश्न अलीकडचा आहे. २०१० साली लिली इराणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘उत्तर-वासाहतिक संगणन’ ही संज्ञा पुढे आणली. ‘वापरकर्ता’ म्हणून ज्याचा अभ्यास होतो तो बहुधा पाश्चात्त्य, इंग्रजी जाणणारा, एकट्याने एका यंत्रासमोर बसणारा असतो. बाकीचे जग म्हणजे त्याच्यापासून काढलेले अपवाद, असे मानणे चूक आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. भारतात या दृष्टीला पोषक काम आधीच चालू होते. इंद्राणी मेढी यांनी निरक्षर व्यक्तींसाठी अक्षरविरहित, चित्रे व आवाज यांवर आधारलेल्या पडद्यांचा अभ्यास केला. शाळेत एका संगणकाभोवती पाच-सहा मुले बसतात आणि माऊस एकाच्याच हाती राहतो, हे पाहून प्रत्येकाला स्वतंत्र माऊस देण्याचा प्रयोग झाला. हे दृश्य ज्याने पाहिले नाही त्याला हा प्रयोग सुचणेच शक्य नव्हते.

मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचे काम मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात झाले. याच केंद्रात र. कृ. जोशी यांनी अध्यापन केले. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांच्याच हातचा. तेथील अनिरुद्ध जोशी व सहकाऱ्यांनी २००४ साली ‘कीलेख’ हा वर्णमालेच्या तक्त्याप्रमाणे मांडलेला कळफलक सादर केला आणि २०१३ साली मोबाइलसाठी ‘स्वरचक्र’ आणले. स्वरचक्रात व्यंजने शाळेतील तक्त्याच्या क्रमाने दिसतात. ‘व’वर बोट ठेवले की त्याच्याभोवती व, वा, वि, वी अशी बाराखडी चक्राकार उमलते, बोट सरकवून सोडले की अक्षर तयार. म्हणजे ‘कविता’तील ‘वि’ हा टंकलेखन यंत्रावर दोन आकृतींचा होता, इन्स्क्रिप्टमध्ये दोन ध्वनींचा झाला, आणि येथे तो बाराखडीतील एक अखंड अक्षर झाला, जसा तो पहिलीच्या मुलाच्या तोंडी असतो. २०१७ साली ‘इंटरॅक्ट’ ही आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत याच केंद्राच्या पुढाकाराने भरली, ही या कामाला मिळालेली पावतीच म्हणावी लागेल.

आता आपल्या पर्वत पाटियाकडे वळू. या परिसरात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गुजराती किंवा इंग्रजी, कापड बाजारात हिंदी-गुजराती, आणि मोबाइलवर रोमन लिपीतले मराठी. असा एकाच मुलाचा दिवस पाच-सहा भाषारूपांतून जातो. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते, हे आपले भाग्य. पण त्या शाळेतील मूलसुद्धा मित्राला निरोप धाडताना ‘कविता’ रोमन अक्षरांतच लिहिते. दुसरीकडे आपले कारागीर पाहा. सुरतेला यंत्राची भीती कधीच नव्हती. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणाऱ्या जेकार्डशी हे शहर परिचित आहे, आणि संगणकाच्या इतिहासकारांनी त्याच पुठ्ठ्यांना संगणकाचे पूर्वज मानले आहे. आज संगणकीय भरतकामाच्या यंत्रावर उभा असलेला खानदेशी तरुण पडद्यावरचे परकीय शब्द वाचत बसत नाही. कोणत्या जागी बोट ठेवले की काय होते, हे तो शेजारच्याचे पाहून शिकतो आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्याला शिकवतो. पहिल्या संप्रदायाला त्याची बोटे दिसतील, दुसऱ्याला त्याची स्मृती दिसेल, तिसऱ्याला त्याचा शेजारी दिसेल. चौथा विचारील, हे शब्द त्याच्या भाषेत का नाहीत?

यावरून ध्यानात येईल की, एक संप्रदाय आला आणि आधीचा खोटा ठरला, असे या शास्त्रात झालेले नाही. मोबाइलवरील अक्षर किती मोठे असावे हे आजही पहिल्याच पद्धतीने ठरते, आणि कळफलकाचा वेग दुसऱ्याच पद्धतीने मोजतात. प्रत्येक विचाराने आधीच्याला न दिसलेली एक बाजू दाखवली. कूनची उपपत्ती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही, असे माझे मत आहे. समीक्षेत वाचक आला म्हणून संहिता गेली नाही, तसेच हे आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरपासून बोलके संगणक सर्वांच्या हाती आले आहेत. त्याच वर्षी केंद्र सरकारने भारतीय भाषांसाठी ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. आता टंकायचे कशाला, बोलले की झाले, असे तरुण म्हणतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना हे मोठेच वरदान ठरेल, यात शंका नाही. पण सचमन यांचा प्रश्न येथे अधिकच तीव्र होतो. यंत्र आता इतके अस्खलित बोलते, की त्याला आपला गोंधळ कळला आहे की नाही, हे ओळखणेच कठीण झाले आहे. आणि दुसरे असे, की हे यंत्र ज्या भाषेत मजकूर विपुल आहे त्या भाषेत चांगले बोलते. अहिराणी बोलणाऱ्या आजीला त्याच्यासाठी आपली बोली बदलावी लागली, तर आपण पुन्हा खिळ्यांसाठी लिपी बदलण्याच्या काळात जाऊन पोचू.

ग्रंथालयाचे काम

ग्रंथालयाला हे सारे नवीन नाही. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला बडोद्यास आणून ग्रंथालयांची जी व्यवस्था लावली, ती सामान्य प्रजाजन डोळ्यांसमोर ठेवूनच. शेजारचे नवसारी त्याच संस्थानात होते. १९३१ साली डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तक वापरासाठी असते, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, वाचकाचा वेळ वाचावा, हा त्यांचा आशय. वापरणाऱ्या माणसापासून विचार सुरू करण्याची ही रीत संगणकशास्त्राच्या कितीतरी आधी ग्रंथपालांनी घालून दिली आहे.

त्या रीतीला अनुसरून मी काही ठोस गोष्टी सुचवतो. आपल्या संग्रहातील जुनी पुस्तके १९६२ च्या लेखननियमांपूर्वीची आहेत. त्यांच्या मुखपृष्ठांवर ‘नांव’, ‘कांहीं’ अशी सानुस्वार रूपे छापलेली आहेत. आजचा वाचक ‘नाव’ असे टंकित करील आणि संगणक त्याला सांगेल, की असे पुस्तक नाही. पुस्तक कपाटात असेल, पण वाचकापुरते ते नाहीसे झालेले असेल. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. त्याआधी ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहीत, आणि आजही कित्येक जण तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला निराळी. ह्रस्व-दीर्घाची तीच कथा. ‘ह. ना. आपटे’ आणि ‘हरि नारायण आपटे’ हे दोन लेखक आहेत, असे संगणक मानील. काउंटरवर बसणारा आपला ग्रंथपाल हे सारे न बोलता सांभाळून घेत आला आहे. वाचकाने अर्धे नाव सांगावे आणि त्याने पुस्तक काढून द्यावे, हे येथे नित्य घडते. नव्या सूचीला ही क्षमाशीलता यावी, अशी अट पुरवठादाराला पहिल्याच दिवशी घालावी लागेल. अनुस्वार, ह्रस्व-दीर्घ यांचा भेद शोधापुरता दुर्लक्षिता आला पाहिजे. लेखकाची सर्व नामरूपे एकत्र बांधली पाहिजेत. आणि रोमन अक्षरांत लिहिणाऱ्या मुलालाही पुस्तक सापडले पाहिजे. ते मूल रोमनमधून आत आले तरी त्याच्या हाती पडणारे पुस्तक देवनागरीतलेच असेल, हे विसरू नये.

दुसरी सूचना अशी, की यंत्र खरेदी करण्यापूर्वी महिनाभर दोन कार्यकर्त्यांनी काउंटरजवळ बसून वाचक काय विचारतात, कसे विचारतात, ते एका वहीत टिपून ठेवावे. कोणी लेखक सांगतो, कोणी ‘मागे नेली होती ती जाड निळी कादंबरी’ म्हणतो, कोणी आईसाठी ‘काहीतरी हलके’ मागतो. ही वही सूचीच्या रचनाकाराला द्यावी. याला खर्च काहीच नाही. तिसरी सूचना, नोंदवह्या मोडीत काढू नयेत. ज्यांची बोटे काचेवर चालत नाहीत अशा वृद्ध वाचकांसाठी त्या राहू द्याव्यात. आणि चौथी, संध्याकाळी शाळकरी मुलांना येथे बसवून सूचीतील नोंदी त्यांच्याकडूनच देवनागरीत टंकून घ्याव्यात. मुलांना मराठी टंकलेखन येईल आणि ग्रंथालयाला नवे वाचक मिळतील.

श्रोतेहो, परप्रांतातल्या ग्रंथालयात पुस्तक न सापडणे ही साधी अडचण नसते. पुण्यामुंबईच्या वाचकाला ते दुसरीकडे मिळेल. येथे एखाद्या मुलाने एकदा शोधले आणि मिळाले नाही, तर मराठीत ते नाहीच असे समजून ते दुसऱ्या भाषेकडे वळेल, आणि त्याचा दोष आपण त्याला देऊ शकणार नाही. शंभर वर्षे ज्या संस्थेने आपल्या माणसांसाठी मराठी पुस्तक जपले, तिची नवी सूचीही त्यांच्या बोटांना, जिभेला आणि परिस्थितीला ओळखणारी व्हावी, अशी मनःपूर्वक इच्छा व्यक्त करतो.